काजळदेशाचा पाचवा भाग

१० नोव्हेंबर

आज पुस्तकाचा पाचवा भाग आला. कुरिअरवाल्याने गेटवरूनच विचारलं, "दीदी, ईंट मंगाए हो क्या?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पहिला भाग बाबांनी दुर्ग स्टेशनच्या स्टॉलवर घेऊन दिला होता. मी तेव्हा नववीत होते आणि गाडी लेट होती म्हणून वैतागले होते. आता मी तिशीला टेकले. लेखिकाबाईंनी चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मधे एवढी वर्षं घातली की मधल्या काळात माझं कॉलेज झालं, लग्न झालं आणि ते मोडायलाही आलं. बाईंना देव उदंड आयुष्य देवो, पण जरा हात चालवायला काय जातं?

मालिकेचं इंग्रजी नाव बाबांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून घरात ती काजळदेश. तिथे आकाशातून काजळी पडते आणि माणसं धुक्यात गेली की स्वतःचं नाव विसरतात. इल्वा नावाची पोरगी आईचं हरवलेलं नाव शोधायला निघते. वाटेत एक पूल, आणि पुलावर म्हातारा ओस्को. तो जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल म्हणून एक आठवण घेतो. चौथ्या भागाच्या शेवटी पूल पडला आणि ओस्को पलीकडे राहिला. तेव्हापासून जगभरातले वाचक भांडत आहेत, तो जिवंत आहे की मेला. मी जिवंत पार्टीतली.

चैत्रात मी नागपूरच्या सासरहून दुर्गजवळच्या वैशाली नगरच्या या घरी परत आले तेव्हा कोणाशी बोलत नव्हते. विचारलं तर मान हलवायची, एवढंच. मग आई एक दिवस म्हणाली, "बाबाले तुयं ते पुस्तक वाचून दाखव ना वं. दिवसभर छताकडे पाहत रायते बिचारे." तसे आम्ही चारही भाग उन्हाळ्यापासून पुन्हा वाचले. इंग्रजी पान समोर धरायचं आणि मराठीत सांगत जायचं.

बाबांची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, होळी दिसली तर नशीब. त्याच्या आत हा भाग संपवायचा. ओस्कोचं काय झालं हे कळल्याशिवाय मी बाबांना जाऊ देणार नाही.

१३ नोव्हेंबर

सुरुवात झोकात झाली. दुपारचा चहा झाला की बाबा उशांना टेकून बसतात, मी समोर स्टुलावर. बाईंनी पहिल्याच पानावर पूल दाखवला आहे, रिकामा. अंगावर काटा आला.

आमच्याकडे गोष्टीला हूं लागतो. आमगावकडच्या गावी आजोबा गोष्ट सांगायचे तेव्हा समोरच्याने "हूं" म्हणत राहायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली. बाबा अजून तसाच हूं देतात. वाक्य संपवून मी श्वास घेतला की हूं. पाणी प्यायला थांबले की हूं. असा श्रोता लाखात एक. नागपूरच्या घरी मी काजळदेशाबद्दल बोलायला लागले की समोरचा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणायचा, "लहान पोरांची पुस्तकं आहेत ती." आणि सासूबाईंनी तर माझे नागपुरात नव्याने घेतलेले चारही भाग रद्दीवाल्याला दिले. लोक मला विचारतात, नेमकं काय झालं, त्याने मारलं का, दारू पीत होता का. तसं काही नाही. रद्दीचं सांगितलं तर कोणाला कळणार?

आई कुरकुरली. "दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकते." मामा गोंदियाला रेल्वेत आहे, त्याची वाट रुळावर ठरलेली आहे, असं मी तिला सांगितलं. ती तांदूळ पाखडायचं सूप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली.

१९ नोव्हेंबर

मला सर्दी. बाबांना लागू नये म्हणून मास्क लावून वाचलं. आज बाबांचं लक्षच नव्हतं. एकही हूं नाही. इल्वा धुक्यात पहिलं पाऊल टाकते, किती सुंदर लिहिलंय, आणि हे मख्ख. मग हातानेच म्हणाले, मास्क काढ. मी नाकाकडे बोट दाखवून म्हटलं, सर्दी आहे. ते म्हणाले, "राहू दे वं, मले का आता सर्दीनं मरन येनार हाय?" मास्क काढला तशी गाडी पुन्हा रुळावर आली.

त्यांना माझा चेहरा बघायला आवडत असावा. परवाही मी पुस्तक तोंडासमोर धरलं होतं तेव्हा "खाली धर" म्हणाले.

२४ नोव्हेंबर

भाऊराव काका आले होते, बाबांचे मिलमधले जोडीदार. एकाच गावचे, एकाच शिफ्टला लागलेले. मी चहा घेऊन गेले तर खोलीत चिडीचूप, आणि दोघे हसून हसून बेजार. बोटांनी बोलणं चाललं होतं. रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या आवाजात शब्द ऐकू यायचे नाहीत, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. काकांनी मला दोनचार खुणा शिकवल्या. मूठ उघडझाप म्हणजे चालू दे. हात आडवा म्हणजे थांब. कानाची पाळी ओढली म्हणजे साहेब येतो आहे.

बाबा इतके बोलके मी घरात कधी पाहिले नाहीत. आयुष्यभर त्यांच्या वाट्याचं बोलणं आईनेच केलं. कोणी त्यांना काही विचारलं की उत्तर आई देणार. मला लहानपणी वाटायचं, ही बाई त्यांना तोंड उघडू देत नाही.

जाताना काका गेटपाशी म्हणाले, "पंजाबरावाले जपजो पोरी. तुया आवाजासाठी बसून रायते तो." मला भरून आलं.

३ डिसेंबर

आईने आज डोकं फिरवलं. वाचन रंगात आलं की नेमकं हिचं मधे काहीतरी. आज इल्वाचा घोडा नदीकाठी कोसळतो तिथे दारातून म्हणाली, "त्याले पाणी त पाजाले पायजे होतं पयले." मी म्हटलं, आई, तुला कथानक माहीत नाही, मधे बोलू नको. ती म्हणाली, "बरं बापा." आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. कुकरही बघा, रोज वाचन संपल्यावरच लावते आणि मग जेवायला उशीर करते. बाबांची भूक मरते अशाने.

रात्री झोपताना मात्र वाटलं, घोड्याबद्दल तिचं म्हणणं बरोबर होतं. इल्वा इतकी हुशार, तिला सुचू नये? बाईंनी तिथे घाई केली आहे. इतक्या वर्षांनी लिहायचं आणि घोड्याला पाणी पाजायला विसरायचं.

वाचकांच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. शेवट फोडणारे नग पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असतात.

८ डिसेंबर

आज नागपूरहून त्याचा फोन. वकिलाकडे येते का, की परत येते, एकदाचं काय ते सांग. प्रितमचाही पुण्याहून फोन, मोठ्या भावाच्या आवाजात: "देख, थोडं अ‍ॅडजस्ट सबको करना पडता है. बाबांची तब्येत बघ, त्यांना टेन्शन देऊ नको."

दुपारी वाचायला बसले आणि अक्षरं दिसेनात. इल्वा वाटेवरच्या एका सराईत मुक्कामाला थांबली आहे, तिथपर्यंत सांगितलं. मग काय झालं कोण जाणे, पुस्तक तसंच मांडीवर ठेवून, आवाज न बदलता, मी माझंच सांगायला लागले. की बाबा, त्या घरात मी हळूहळू गप्प होत गेले. की तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही, पण मी खोलीत आले की त्या मायलेकांचं बोलणं थांबायचं. की एकदा मला आठ दिवस ताप होता आणि त्याने विचारलं, भाजीत मीठ का कमी आहे. की मला परत जायचं नाही. कधीच नाही. तुम्ही ओरडलात तरी नाही.

प्रत्येक वाक्यानंतर बाबा हूं म्हणाले. शेवटच्यालाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांनी हात पुढे करून माझा गुडघा थोपटला आणि म्हणाले, "चांगली हाय गोष्ट."

माझे बाबा असे आहेत. माझी लाज राखायची म्हणून गोष्टच आहे असं दाखवलं. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

९ डिसेंबर

सकाळी आई फोनवर प्रितमला सांगत होती, "ते जाणार नाई वापस. आता कोनी तिले इचारू नका. मी सांगून राहिली ना, बस." प्रितम काहीतरी म्हणत असणार, कारण ती पुढे म्हणाली, "समाज गेला चुलीत."

म्हणजे बाबांनी तिला सांगितलं. आणि बाबांनी सांगितलं म्हणून ती ऐकली, नाहीतर मला तिच्याकडून दोन तासांचं प्रवचनच होतं. संध्याकाळी तिने पोह्यांचे पापड तळले. बाबांच्या शब्दाला या घरात अजून किंमत आहे हे बघून बरं वाटलं.

१४ डिसेंबर

नागपूरला कळवलं, वकिलाकडे येईन.

इल्वा पुलाजवळ पोचते आहे. मी वाचनाची गती मुद्दाम कमी केली आहे. चांगली गोष्ट संपत आली की माणूस पानं मोजतो आणि मोजल्याचा पस्तावा करतो. बाबा लवकर थकतात आता. हूं बारीक झाला आहे, पण आहे.

२१ डिसेंबर

बाबा हॉस्पिटलात. परवा ओठ निळे पडले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आत एकच जण, तेही थोडा वेळ. पुस्तक न्यायला मनाई, म्हणून मी पुढची पानं घरी पाठ करून गेले आणि कॉटच्या कडेला वाकून सांगितली. इल्वा पडलेल्या पुलाच्या तोंडाशी उभी आहे. पलीकडे धुकं. ती ओस्कोला आवाज देते.

मास्कमुळे बाबांना हूं देता येत नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत मूठ उघडली, मिटली. चालू दे. मी सांगत राहिले. नर्सने बाहेर काढलं तेव्हाही मूठ चालूच होती.

२६ डिसेंबर

ओळखतात. बोलत नाहीत. आई बाहेरच्या बाकावरून हलत नाही. मी तिला म्हटलं, घरी जाऊन आंघोळ करून ये, तर म्हणाली, "तू जा आत, सांग त्यायले पुढचं." पाठ केलेल्या पानांच्या पुढचं मी वाचलेलं नाही. त्यांना सांगायला लागतं त्याहून जास्त एकटीने आधी वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग मी कालचंच पुन्हा सांगितलं. इल्वा उभी आहे, आवाज देते आहे.

२९ डिसेंबर

बाबा गेले. सकाळी.

११ जानेवारी

काल तेरवी झाली. गावाकडची माणसं आज सकाळच्या गाडीने गेली. मामा वाट न चुकता आला आणि गेला. प्रितम उद्या निघेल.

घर रिकामं झाल्यावर भाऊराव काका ओसरीत बसले होते. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, काका, मला एकच लागून राहिलंय. शेवट त्यांना ऐकवायचा राहिला. एवढे महिने ऐकलं त्यांनी, आणि शेवटची पानं राहिली.

काका माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, त्याले आयकू कोठी येत होतं?"

मी म्हटलं, कमी यायचं, माहीत आहे. मिलमधल्या सगळ्यांनाच कमी येतं.

"कमी नाई वं. काईच नाई. माया एक कान त वाचला, त्याचे दोनी गेले. रिटायर झाला तवाच गेले होते. तोंड पाहून समजून घे रोजचं, जेवला का, झोपला का. तुमची ते काजळदेशाची गोष्ट त्याले कशी समजन?"

मला वाटलं ते चुकत आहेत. मग एकेक दिवस समोर येत गेला. मास्क. तोंडासमोर धरलेलं पुस्तक. पाणी पिताना दिलेला हूं. उन्हाळ्यात, इल्वाची आई मरते त्या प्रकरणाला ते गालात हसले होते आणि मला वाटलं होतं की बाबा फार खोल माणूस आहेत. हसण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हा हातवारे करून सांगत होते आणि ते पोरीकडे बघत होते.

मी आत जाऊन आईला विचारलं. ओरडूनच विचारलं, तेरवीचं घर असून. मला का नाही सांगितलं? एवढे महिने मी भिंतीशी बोलले?

ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "तू आली तवा दोन महिने तोंडातून शब्द नाई निघाला तुया. त्यायनंच मले म्हटलं, तिले म्हणा मले वाचून दाखव. मी म्हटलं, तुमाले त आयकू येत नाई. त म्हणे, मी हूं देतो ना. हूं देल्ला की बोलन ते."

"मशीन का नाही लावलं कानाला?"

"लावलं होतं. मिल सुरू झाल्यावानी घरघर करते म्हणे. ठेवून देल्लं."

मी भिंतीला टेकून बसले. मग एकदम आठवलं. मी विचारलं, "आणि नागपूरचं? मी परत जाणार नाही हे तुला बाबांनी सांगितलं ना?"

"मीच आयकलं. दारात होती ना मी, तांदूळ पाखडत."

आईने एक पातेलं दोनदा पुसलं आणि जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "त्यायले मी रात्री सांगतलं, इशाऱ्यानं. लय रडले. मंग म्हणे, प्रितमले फोन तू कर, मले बोलता येनार नाई."

मी या वहीत तिच्याबद्दल काय काय लिहिलं आहे. मागची पानं उलटायची हिंमत नाही.

१९ जानेवारी

आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही. आज सकाळी आई भाजी आणायला गेली असताना एकटीने बसून राहिलेली पानं वाचून काढली. कोणासाठी थांबायचं आता?

ओस्को येत नाही. जिवंत पार्टी हरली. पूल पडला त्याच दिवशी तो गेलेला असतो. पलीकडे त्याने जमवलेल्या साऱ्या लोकांच्या आठवणी तेवढ्या पडून आहेत, आणि इल्वाला त्यातली आपली सापडते, इतकंच. मला बाईंचा राग आला. एका म्हाताऱ्याला परत आणायला काय लागत होतं? कागदावरच तर आणायचा होता. पण राग फार टिकला नाही, कारण पान खरं होतं. काही पानांशी भांडता येत नाही.

दुपारी मी चहा केला. दोनच कप ओतले आणि मग तिसऱ्याकडे गेलेला हात मागे घेतला. आई बाबांच्या खाटेला टेकून फरशीवर बसली होती. खाट तिने अजून उचलू दिलेली नाही आणि तिच्यावर बसतही नाही. चहाचा घोट घेऊन म्हणाली, "मंग? आला का तो?"

"कोण?"

"पूल राखनारा. ते पोरगी त आवाज देऊन राहिली होती त्याले. हॉस्पिटलात तू तिथीच थांबली."

हॉस्पिटलात ती बाहेरच्या बाकावर होती. दार अर्धं उघडं असायचं.

मी आयुष्यात पुस्तकाचं वाक्य बदललेलं नाही. बदलणाऱ्यांशी मी भांडले आहे. पण तिने कप दोन्ही हातांत धरला होता आणि मनगटं रिकामी होती, आणि मी म्हटलं, "हो. येतो. शेवटी येतो."

आईने कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"खरं सांग."

मी गप्प राहिले. नागपूरच्या घरी राहायचे तशी नाही, वेगळी.

"नाई येत ना?"

"नाही येत, आई."

तिने मान हलवली. खाटेच्या दोऱ्या तिच्या खांद्याशी होत्या, त्यांतली एक सैल झालेली तिने बोटाने आत खोचली. मग म्हणाली, "मंग तसंच वाच. येते म्हणून वाचशीन त मी रोज दाराकडे पाहत बसन."

मी पुस्तक आणलं, स्टूल बाजूला सारून तिच्यासमोर फरशीवर बसले, आणि जसं होतं तसं वाचलं.